लोणावळ्याला सोडलेलं इंजिन

नथू आबांनी एकतीस वर्षं बँकर चालवला. बँकर म्हणजे मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडतात ते इंजिन. गाडी ढकलत घाट चढवायची, लोणावळ्याला सुटायचं आणि परत खाली जायचं. निवृत्तीनंतर आबा खंडाळ्यात राहतात आणि रेल्वेच्या हिशेबात बसवल्याशिवाय त्यांना काहीही पटत नाही.

मार्चमध्ये आरोग्यसेविका स्नेहलने त्यांचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. काही दुखत नसताना गोळी कशाला, असं आबांचं म्हणणं. वाढलेला दाब दुखत नाही, पण मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या आतून खराब करतो, हे स्नेहलने सांगितलं. आबांचा जुना गार्ड सीताराम याचा उजवा हात गेल्या वर्षी अशानेच लुळा पडला, याचीही आठवण दिली. आबा ढिम्म. शेवटी ती म्हणाली, गोळीला बँकर समजा. हृदयावर चढाचा भार आलाय, त्याला मागून आधार. आबांनी लगेच पाणी मागवलं.

मे महिन्यात आकडा एकशे अठ्ठावीसवर आला. जूनमध्ये एकशे ब्याऐंशी.

स्नेहलने गोळ्यांचं पाकीट पाहिलं. महिनाभर त्याला हात लागला नव्हता.

"सोडल्या," आबा म्हणाले. "लोणावळा आलं. चढ संपल्याव बँकर कोन वागवतं? तूच म्हनलीस बँकर."

स्नेहलने चूक कबूल केली, पण आता ती काय बोलते याला किंमत नव्हती. सीतारामच्या हाताचंही आबांनी ऐकून घेतलं नाही. एकदा सुटलेलं इंजिन मधेच पुन्हा जोडत नाहीत, हा नियम त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितला.

आबांची बायको अंबूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घाट उतरताना गाडी सावकाश चालली, की तुमी ब्रेक सोडून देत व्हता का?"

आबा चिडले. "येडी का खुळी? ब्रेक लागलाय म्हनून तर सावकाश चालती ती."

अंबूबाई तांदूळ निवडत राहिल्या. स्नेहलने दाब मोजायचा पट्टा आवरायला घेतला. मग आबांनी पाकीट पुढे ओढलं.

"ह्यो उतार संपतो कुटं?"

स्नेहल या वेळी सावध होती. तिने रेल्वेचं नावच घेतलं नाही. "डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत रोज एक, आबा. आकडा कितीही चांगला आला तरी."

दुसऱ्या दिवशी आबा सीतारामकडून त्याची हिरवी झेंडी मागून घेऊन आले. आता रोज सकाळी गोळी गिळली की ओट्यावरून ते स्वयंपाकघराकडे झेंडी दाखवतात. ती दिसेपर्यंत अंबूबाई चहाचं आधण ठेवत नाहीत.