के-सातचं नाव

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात जीन्सचा काळा रंग बनायचा. कितीही धुतला तरी उतरायचा नाही, म्हणून उल्हासनगरचे जीन्सवाले दुसऱ्या कुणाचा माल घ्यायला तयार नसत. सगळी करामत एका रसायनाची होती. गोदामात माल उतरला की ड्रमवरची मूळ लेबलं खरवडून काढत आणि वर नुसतं 'के-सात' लिहीत. खरं नाव ठाऊक होतं ते शेठना, मॅनेजर विनीतला आणि शिफ्टची केमिस्ट किर्ती हिला. शेठनी हे गणित जमवण्यात उमेदीची सगळी वर्षं घातली होती. किर्तीनं नोकरीला लागताना गुप्ततेच्या करारावर सही केली, तेव्हा तिला त्याचं ओझं वाटलं नव्हतं. उलट, आपल्यावर एवढा भरवसा टाकला म्हणून ती घरी येऊन खुशीत सांगत होती.

एका दुपारी पंपाचा पाइप निसटला आणि के-सात हरिचंद्रच्या छातीवर, हातांवर उडालं. हरिचंद्र जवळच्या मोरिवली गावचा, जुना ऑपरेटर. त्याला शॉवरखाली धरलं, कपडे बदलले, तर हसून म्हणाला, "काय नाय झाला मॅडम, थंड वाटतंय." पण थोड्या वेळानं त्याचे ओठ निळे पडू लागले आणि बसल्या जागी तो कलंडला.

किर्तीनं त्याला गाडीत घालून उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं. मागोमाग त्याची बायको गंगू आणि दुसऱ्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला असलेला पुतण्या अक्षय धावत आले. ऑक्सिजन लावूनही ओठांचा रंग काही पालटेना. डॉक्टरांनी सिरिंजमध्ये ओढलेलं रक्त उजेडाकडे धरलं. ते तपकिरी होतं, चॉकलेटसारखं.

"अंगावर नक्की काय सांडलं?"

"के-सात."

"ते तुमच्या कंपनीत. खरं नाव काय? मला शंका आहे, पण नुसत्या शंकेवर औषध टोचलं आणि उलटलं, तर काय करू?"

किर्ती दाराशी जाऊन विनीतशी फोनवर बोलली. तो म्हणाला, "सॉल्व्हंट होतं म्हणून सांग. शेठ विमानात आहेत, ते उतरेपर्यंत नाव घेऊ नकोस. तुझी सही आहे, विसरू नको."

"अरे, माणूस निळा पडलाय!"

"डॉक्टर आहेत ना तिथे? बघतील ते."

तिनं फोन कापला. आत गंगू नवऱ्याचे पाय चोळत होती. किर्तीनं डॉक्टरांना नाव सांगितलं. पहिल्याच शब्दाला डॉक्टर नर्सकडे वळले. त्यांना हवं ते मिळालं होतं. पण किर्तीला थांबता येईना. ते कशात मिसळतात, किती तापवतात, रंग त्यानं पक्का कसा होतो, सगळं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडत राहिलं. अक्षय तिच्या मागेच उभा होता.

औषध शिरेतून गेलं आणि संध्याकाळपर्यंत हरिचंद्रचे ओठ पुन्हा माणसासारखे दिसू लागले. गंगूनं किर्तीचे हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

दिवाळीच्या सुमारास उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या बाजारात तसलाच काळा रंग आला, शेठच्या भावापेक्षा स्वस्त. तो बनत होता अक्षय कामाला होता त्या कारखान्यात. शेठची गिऱ्हाइकं तुटली, दुसरी शिफ्ट बंद झाली आणि कंत्राटावरची माणसं घरी बसली. त्यात हरिचंद्रही होता. किर्तीला कामावरून काढलं आणि करार मोडल्याचा दावा शेठनी तिच्यावर लावला.

तिची वकील शलाका स्पष्ट बोलणारी होती. "डॉक्टरांना नाव सांगितलंत, ते मी निभावून नेईन. जीव वाचवायला सांगितलेलं कुठलंही कोर्ट समजून घेईल. पण रंग पक्का कसा होतो, ते कशाला सांगितलंत? त्याची डॉक्टरांना काय गरज होती?"



तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात शेठ स्वतः तिच्यापाशी आले. ते रागावलेले नव्हते, हेच तिला जास्त लागलं. "बेटा, मी असतो तर नाव मीच सांगितलं असतं. माणसापेक्षा माल मोठा नाही. पण बाकीचं? वो तो मेरा था."

"माझं चुकलं, शेठ."

त्यांनी मान हलवली आणि ते आपल्या वकिलाकडे निघून गेले.

डॉक्टरांना नाव सांगणं हा करारभंग दिसत नाही, असं कोर्टानं म्हटलं. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या रसायनाबद्दल, ते हाताळण्याबद्दल, किर्तीनं कुणाशीही चकार शब्द काढायचा नाही, असा हुकूमही दिला. अक्षयचा कारखाना म्हणत होता, हा रंग आम्ही आमचा शोधला.

मग एका रविवारी ती मोरिवलीला गेली. हरिचंद्र ओट्यावर बसला होता. अक्षय तिला पाहून उठला, पण गेला नाही.

"मॅडम, मी पैसे घेऊन नाही सांगितलं," तो म्हणाला. "काका कशानं पडला ते सुपरवायझरला सांगितलं. म्हटलं, असलं काय आपल्याकडं पण असंल तर आपण पण मरू. त्यांनी मग खोदून खोदून विचारलं. मी बोलत गेलो."

ज्याच्यावर इतके दिवस ती मनातल्या मनात दात खात होती, तो हा. किर्ती खाली बसली. गंगूनं आणलेलं पाणी तिनं हातात नुसतं धरून ठेवलं.

"मना तिकडं बोलावलंय," हरिचंद्र म्हणाला. "तेच काम हाय, तोच ड्रम. घरी बसून कसा चालंल? पण ही जाऊ देत नाय. तुमी सांगा मॅडम, जाऊ का?"

"तिकडे हातमोजे कसले देतात?"

"रबराचे. पातळ."

शलाकानं बजावलं होतं, एक वाक्यसुद्धा नाही. कोर्टाचा अवमान होईल. अक्षय अजून तिथेच उभा होता आणि तिकडे जाऊन तो काय बोलेल, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. किर्तीनं गंगूकडे पाहिलं. गंगू काही मागत नव्हती, नुसती वाट बघत होती.

"ते मोजे घालू नका," किर्ती म्हणाली. "त्यातून ते आत झिरपतं. आणि अक्षय, तूही बस इथे. नीट ऐक."