देवघरातला मोटारीचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, लातूरच्या एका घरात देवघराच्या खालच्या फळीवर, घंटेच्या शेजारी, एक काळपट गोल डबी ठेवलेली आहे. आलेगेले पाहुणे तिला अत्तरदाणी समजतात. ती डबी म्हणजे मी. मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, मोटारीच्या इंजिनातून काढलेला. देवाजवळ बसण्याएवढं पुण्य माझ्या हातून घडलेलं नाही. तरी मला इथे कुणी आणून ठेवलं आणि का, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. इंजिन पेट्रोल जाळतं तेव्हा त्याच्या पोटात काळी, तेलकट वाफ साठते. पूर्वीच्या मोटारी ती वाफ खुशाल रस्त्यावर सोडून देत. मग कुणाच्या तरी मनात आलं, हीच हवा माणसं घेतात, हे बरं नाही. म्हणून मला घडवलं. ती घाण वाफ ओढून घ्यायची आणि पुन्हा इंजिनातच जाळायला पाठवायची, एवढंच माझं काम. माझ्या पोटात रबराचा पातळ पडदा आहे आणि डोक्यावर मोहरीएवढं छिद्र. त्या छिद्रातून हवा आत-बाहेर होते आणि पडदा हलतो. तोच माझा श्वास. पडदा अडला तर इंजिनाचंही बिनसतं.

मला एका लाल, बसक्या मोटारीत बसवलं. शर्यतीच्या थाटाची, दोनच माणसांची, डोक्यावर टप नसलेली. हैद्राबादच्या एका लिलावात ती लातूरच्या सिद्रामप्पांनी घेतली. त्यांची डाळीची गिरणी होती. मोटार दारात उभी राहिली तेव्हा गल्ली गोळा झाली. शेजारच्या केवळाबाई चारी बाजूंनी फिरून म्हणाल्या, "आप्पा, मोटार लई चांगली हाय. पण निम्मी कुठं सांडली?"

सिद्रामप्पांच्या पत्नी उमाबाई. त्यांचं माहेर निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवर. आईला त्या अव्वा म्हणत. अव्वांचं नाव बसम्मा. लेकीकडे आल्या तेव्हा त्यांनीही मोटार बघितली.

"दोनच गाद्या? मंग सासूनं काय टपावर बसायचं का हो?"

"अव्वा, हिला टपच न्हाई," सिद्रामप्पा म्हणाले.

"मंग बरं झालं. वरूनच उडी मारून बसते."

आणि खरंच बसल्या. जावयानं त्यांना औशापर्यंत फिरवून आणलं. पदर दातात धरून अव्वा लहान मुलीसारख्या हसत होत्या. उतरताना लेकीचा हात धरून म्हणाल्या, "उमा, माझा निरोप आला की येष्टीची वाट बघत बसू नको. ह्याच्यातनंच ये. तुझ्या हातचं तीर्थ घेऊन जाईन मी."

उमाबाई हसल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

उमाबाईंचा नेम मोठा कडक होता. पहाटे स्नान करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच पाण्याचा घोट. त्या फार हळू बोलत. स्वयंपाकघरात आहेत की नाहीत तेही कळत नसे. पूजा झाली की विभूतीची ओली बोटं घेऊन अंगणात येत. त्या वेळी सिद्रामप्पा मोटारीचं झाकण उघडून तेल बघत असत. आधी त्यांच्या कपाळावर विभूती लावायची. मग एक दिवस उमाबाईंची नजर माझ्यावर पडली. इंजिनाच्या कडेला मी गोल, गुळगुळीत, जणू छोटीशी पिंडच.

"हा काय हाय म्हणायचा?"

"मोटारीचा श्वास म्हणतात त्याला."

"मंग ह्याला बी लावते. लावू का?"

"लाव की. नजर लागायला नको."

त्या दिवसापासून रोज सकाळी तीन बोटं माझ्या माथ्यावरून फिरू लागली. दसऱ्याला तर तुपाचा थेंबही. मित्रांनो, मला ते फार आवडायचं. आजवर मला फक्त पान्ह्यांनी धरलेलं, चिमट्यांनी आवळलेलं. इतकं मऊ बोट माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

पण त्या ओल्या राखेचा एकेक कण माझ्या छिद्रात उतरत होता आणि इंजिनाच्या उष्णतेनं वाळून घट्ट होत होता. तुपानं पडद्याचं रबर फुगत होतं. काही वर्षं मी तसाच तग धरला. मग मोटार थांबली की गुरगुरू लागली, मधूनच काळा धूर टाकू लागली. सिद्रामप्पा म्हणत, पेट्रोल खराब मिळून राहिलं. मी काय सांगणार? मला वाचा नाही. आणि वाचा असती तरी त्या बोटांना 'नको' म्हणालो असतो का, कोण जाणे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले. उमाबाई पूजेला एक पळी पाणी घेत आणि तेच तीर्थ म्हणून पीत. रस्त्याच्या कडेनं दुष्काळी कामावर आलेल्या बाया खडी फोडत बसलेल्या असत. अशा दिवसांत एका दुपारी निरोप आला. अव्वांचं काही खरं नाही, उमाची वाट बघून राहिल्यात.

उमाबाईंनी छोट्या गडव्यात तीर्थ घेतलं, वर फडकं बांधलं आणि मोटारीत बसल्या. औसा मागे पडला. लामजन्याच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली, म्हणून सिद्रामप्पांनी मोटार थांबवली. मोटार दोनदा गुरगुरली आणि बंद पडली. माझा पडदा अर्ध्यात अडकला होता. कळ दाबली की इंजिन चालू व्हायचं आणि लगेच गुदमरून मरायचं. बॅटरी संपेपर्यंत सिद्रामप्पा कळ दाबत राहिले.

खडी फोडणारी एक बाई उठून जवळ आली. "तापली असंल हो. पाजा तिला," म्हणाली आणि तिनं आपली घागर पुढं केली. दिवसभराचं तिचं पाणी होतं ते. सिद्रामप्पांनी रेडिएटरमध्ये ओतलं. त्या पाण्याचा काही उपयोग नव्हता, कारण तहान मोटारीला नव्हतीच. ती बाई रिकामी घागर घेऊन परत खडीवर बसली.

उमाबाई मांडीवर गडवा धरून बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "होईल का हो चालू?"

"होईल. होईल आता."

शेवटी निलंग्याची येष्टी आली. मोटार तिथंच सोडून दोघं उभ्यानं गेली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. नंतर उमाबाई केवळाबाईंना सांगत होत्या, ते ऐकलं. दिवेलागणीला त्या माहेरच्या दारात पोचल्या. आत अव्वा भिंतीला टेकून ताठ बसलेल्या, कपाळभर विभूती. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच निरोप देतात, हे उमाबाईंना जन्मापासून ठाऊक होतं. तरीही उंबऱ्यावर त्यांना वाटलं, अव्वा उठून बसली. माझी वाट बघत बसली. त्या गडव्याचं फडकं सोडतच आत गेल्या.

ते तीर्थ नंतर त्यांनी अंगणातल्या सुकल्या तुळशीला घातलं.

मोटार बैलांनी ओढून घरी आणली. तिच्यावर ताडपत्री पडली. उमाबाई नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. कुठं जायचं निघालं की म्हणत, "तुम्ही व्हा पुढं. मी येष्टीनं येते." एवढंच. पण त्या एवढ्यानंच सिद्रामप्पा वाकत गेले. जेवता जेवता मध्येच थांबत. ताडपत्रीजवळून जाताना मान दुसरीकडे वळवत. मी अंधारात पडून होतो आणि रोज सकाळी वाट बघायचो. बोटं येत नव्हती.

दहा वर्षं गेली. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. गल्लीत तोरणं लागली, पेढे वाटले. केवळाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आप्पा, जिल्ह्याचं गाव झालं आता. ती मोटार बी काढा की बाहेर. का कोंबड्यांना खुराडं करायचंय तिचं?"

सिद्रामप्पा हसले नाहीत. उमाबाईंचे गुडघे धरले होते, येष्टीची पायरी चढवत नव्हती. अव्वांच्या समाधीला जायचं त्यांच्या मनात होतं. सिद्रामप्पांनी धीर करून विचारलं, "मोटार दुरुस्त केली तर बसशील?"

धान्य निवडणाऱ्या उमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी ती का थांबली, तेवढं कळू द्या मला. मंग बसते."

हैद्राबादच्या मिस्त्रीनं लक्षणं ऐकून सिद्रामप्पांना सांगितलं, आधी तो गोल डबा उघडून बघा. नवा व्हॉल्व्हही त्यानंच मिळवून दिला. पण दुसऱ्या कुणाचा हात त्यांना लावू द्यायचा नव्हता. कारण आपल्याच डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी टाकी धुतली, प्लग घासले, बॅटरी बदलली. मग माझ्याकडे वळले. माझ्या नळीची पट्टी सैल केली, नळी अलगद ओढली, आत काही पडू नये म्हणून तिच्या तोंडावर फडकं बांधलं. मला खोलून मांडीवर घेतलं. डोक्यावरची तार सरकवून झाकण काढलं. फुगून फाटलेला पडदा दिसला. मग त्यांनी माझं छिद्र उजेडाकडे धरलं. उजेड दिसेना. दाभण घालून टोकरलं, तेव्हा खडूसारखं पांढरं काहीतरी सुटून त्यांच्या तळहातावर पडलं.

त्यांनी ते बोटांत चुरलं. वास घेतला. मग नकळत हात कपाळाला गेला आणि त्यांनी बोटं पुन्हा पाहिली. दोन्हीकडे तीच विभूती होती.

मित्रांनो, दहा वर्षं छातीवर असलेला धोंडा त्या क्षणी उतरला. आणि तो कुणाच्या छातीवर जाऊन बसणार, तेही त्यांना दिसलं. ते मला हातात धरून तसेच बसून राहिले. उमाबाई चहा घेऊन आल्या, तसे त्यांनी तळहात धोतराला पुसला.

"कळलं का काही?"

"हाव. रबर गेलं होतं. विलायती रबर, आपल्या उन्हाला टिकलं न्हाई."

"म्हंजे कुणाची चूक न्हाई?"

"कुणाची न्हाई."

उमाबाईंनी बशी खाली ठेवली. "मी मनात तुमचीच धरली होती हो. इतकी वर्षं."

"असू दे. चहा निवून राहिला."

त्यांनी मला रॉकेलनं पुसून फळीवर ठेवलं आणि नवा व्हॉल्व्ह बसवला. इंजिन चालू केलं. तेलाचं झाकण थोडं सैल करून पाहिलं, तसा इंजिनाचा आवाज बदलला. ही मिस्त्रीनं सांगितलेली खूण, नवा व्हॉल्व्ह श्वास घेत होता. मी फळीवरून ऐकत होतो.

निघायच्या सकाळी उमाबाई पूजा उरकून अंगणात आल्या. नवऱ्याच्या कपाळावर विभूती लावली. मग जुन्या सवयीनं त्यांची तीन बोटं नव्या व्हॉल्व्हकडे गेली. सिद्रामप्पांनी त्यांचं मनगट धरलं. एकदम, घट्ट.

"तिथं नको. नवं हाय ते. इथं काचेवर लाव."

उमाबाईंनी मनगटाकडे पाहिलं. मग काचेवर विभूती लावली आणि नवऱ्याशेजारी बसल्या. समाधीला जाऊन दोघं सुखरूप परत आली.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा गिरणीवर गेले असताना उमाबाईंनी मला फळीवरून काढलं. इतके दिवस ज्याला विभूती लावली त्याला असं धुळीत का ठेवायचं, म्हणून चिंच घेऊन घासायला बसल्या. झाकण निघालं. रॉकेलचा बोळा जिथं पोचला नव्हता, तिथं कडेखाली पांढरा थर होता. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला. आपल्याच रोजच्या विभूतीला त्या कशा ओळखणार नाहीत?

चिंच वाळून गेली तरी त्या उठल्या नाहीत. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून बसल्या होत्या, जिथं काल सिद्रामप्पांनी धरलं होतं तिथंच. आवाज न करता रडत होत्या. अव्वाला हाक मारली असावी, ओठ हलले तेवढे दिसले.

संध्याकाळी जेवण वाढताना म्हणाल्या, "ते जुनं बघितलं मी. रबर खरंच गेलतं की हो."

सिद्रामप्पांनी मान वर केली नाही. "हाव. उन्हानं."

"उन्हानंच," उमाबाई म्हणाल्या आणि ताटात गरम भाकरी वाढली.

तेव्हापासून मी देवघरात आहे. मोटार पुढे विकली गेली, सिद्रामप्पांच्या फोटोला हार चढला, पण त्या दोघांत या गोष्टीची चर्चा पुन्हा कधीच झाली नाही.

मित्रांनो, घरात यंत्र असेल, रोप असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, त्याला जीव लावा. पण ते श्वास कुठून घेतं, ती जागा आधी शोधा आणि मोकळी ठेवा. माझ्यासारख्याला बोलता येत नाही, म्हणून तुम्हालाच बघावं लागेल.

उमाबाई आता खूप थकल्या आहेत. नेम मात्र चुकलेला नाही. पूजा झाली की विभूतीची बोटं माझ्यापर्यंत येतात, माझ्या माथ्याजवळ थांबतात आणि तशीच मागे जातात. दर सोमवारी त्या केरसुणीची बारीक काडी घेऊन माझं छिद्र साफ करतात. मला आता श्वासाची गरज नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तरी मला तोंडाजवळ धरून त्या हळूच फुंकर घालतात. आतला फाटका पडदा थरथरतो. तो हलला, हे बघून झालं की त्या मला घंटेच्या शेजारी ठेवतात आणि मग पाण्याचा पहिला घोट घेतात.