न मरणारा म्हातारा

म्हातारा उकळत्या पाण्यातून धडधाकट बाहेर आला, त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हातारा म्हणजे एक प्रथिन. निसर्गात कुठेही नसलेलं, तिथे संशोधन करणाऱ्या ताईने संगणकावर एकेक मणी निवडून रचलेलं. प्रथिन ही मण्यांची लांबलचक माळच असते, आणि तिची घडी नीट बसली तरच ती कामाची. उष्णता लागली की घडी मोडते. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे. ताईने मात्र घडी अशी घट्ट बसवली होती की उकळा, गोठवा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, हा आपला जसाच्या तसा. काही केल्या मरत नाही म्हणून शेजारच्या टेबलावरच्याने त्याचं नाव म्हातारा ठेवलं. फवारणीच्या औषधाने नासलेलं पाणी म्हातारा शुद्ध करायचा, आणि ते औषध घातलेल्या चाचणीच्या नळीत पडला की औषध तुटून नळी पिवळी व्हायची.

अडचण एवढीच की म्हातारा फार खर्चिक होता. महिनाभर खपावं तेव्हा चिमूटभर हाती येई.

"याचीच अर्ध्या लांबीची आवृत्ती कर," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "ती चालली की तू मोकळी. रिलीव्हिंग लेटर मी स्वतः हातात देईन."

अर्ध्या लांबीचा तो नातू. आणि नातवाने ताईच्या नाकी नऊ आणले. कधी घडीच बसेना, कधी बसली तर काम करीना. तिकडे दूर घरी नवरा आणि चिमी. ताई निघाली तेव्हा चिमी कडेवर होती, आता ती शाळेच्या गोष्टी फोनवर सांगायची. घराजवळच्या पाणी तपासणीच्या कचेरीत ताईसाठी जागा होती, पण इथलं लेटर असल्याशिवाय ते दारात उभं करणार नव्हते. काम पुरं होईपर्यंत सोडणार नाही, असं ताईनेच रुजू होताना लिहून दिलेलं. आपल्याच हाताने बेडी घातलेली, मग बोंब तरी कुणाच्या नावाने मारायची? सुट्टीच्या दिवशीही ती खिडकी नसलेल्या प्रयोगशाळेत येऊन बसे, कारण भाड्याच्या खोलीत बसून चिमीचे फोटो बघणं त्याहून वाईट होतं.

आणि एके दिवशी नातवाची नळी पिवळी झाली. पुन्हा केली, पुन्हा पिवळी. सरांनी प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना कळवलं आणि लेटर खरंच हातात दिलं. फोनवर चिमी म्हणाली, "मी कपाटातला मधला कप्पा रिकामा केलाय. माझे कपडे खाली कोंबलेत. तुझे तिथे ठेवायचे."

ताईच्या जागी आलेला नवा माणूस पन्नाशीचा, टकला आणि हसरा. कॉलेजातली कायमची नोकरी सोडून आला होता. आल्या आल्या त्याने स्वतःचा कप ताईच्या फळीवर मांडला.

"नातू चालायला लागलाय, मला आता काय, नुसतं दूध पाजायचं," तो म्हणाला.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ताई कॉलम धुवायला बसली. कॉलम म्हणजे बारीक पांढऱ्या दाण्यांनी भरलेली काचेची नळी; वरून मिश्रण ओतायचं, खालून हवं ते प्रथिन वेगळं होऊन येतं. म्हातारा याच कॉलममधून काढलेला, नातूही यातूनच. दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर स्वच्छ द्यावा म्हणून तिने तो सोड्याच्या पाण्याने, मग गरम पाण्याने धुतला. शेवटी साधं पाणी ओतलं, आणि खाली आलेलं ते पाणी हाताला सवय म्हणून चाचणीच्या नळीत टाकलं.

नळी पिवळी झाली.

त्या पाण्यात नातू नव्हताच. त्या दाण्यांत नातू सोड्याच्या पहिल्या फेरीतच मेला असता. जगला असता तो एकटा म्हातारा. जगातली सगळी प्रथिनं ज्या धुण्याने मरतात, त्यात याची नुसती अंघोळ झाली होती. इतके दिवस तो दाण्यांना चिकटून बसला होता आणि नातवात थोडा थोडा उतरत होता. नातू पहिल्यापासून नालायकच. आजोबांच्या जिवावर मिरवत होता. आणि आजोबांना अमर करणारी ताईच.

तिला स्वतःचा असा संताप आला की नळी भिंतीवर फेकावीशी वाटली. मग भीती वाटली. तिने नळी उचलली आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही, सर."

"मग जा. गाडी पकड. लेटर तुझ्याकडे आहे, कॉलम धुणं हे आता तुझं काम नाही. मी काही ऐकलं नाही."

"आणि ते?" तिने काचेपलीकडे पाहिलं. नवा माणूस तिच्या टेबलावर फडका मारत होता.

"त्यांचं ते बघतील. तू तुझ्या पोरीकडे बघ."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताई कितीतरी वेळ दाराशी उभी राहिली. जावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. पाय जिन्याकडे वळलेही होते. पण तो टकला माणूस मेलेल्या नातवाला वर्षानुवर्षं दूध पाजत बसणार, स्वतःलाच शिव्या देणार, आणि आपण घरी कप्प्यात कपडे लावणार, हे काही तिच्या गळ्याखाली उतरेना. तिने पर्समधून लेटर काढून सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते मागे सरकवलं नाही.

ती टेबलापाशी गेली. "जरा इकडे या. तुमच्यासमोर एक गोष्ट पुन्हा करते," ती नव्या माणसाला म्हणाली. नळी पुन्हा पिवळी झाली. त्याचं हसू हळूहळू मावळलं. मग त्याने फळीवरचा कप उचलला, पुसला आणि बॅगेत ठेवला. एका जागेवर दोघांचा पगार निघत नव्हता.

संध्याकाळी फोन चिमीनेच उचलला. ताईने सांगितलं की काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार आहे, उद्या यायला जमणार नाही. किती दिवस, ते तिलाही सांगता येईना.

चिमी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"मग मधल्या कप्प्यात माझे कपडे परत ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव," ताई म्हणाली.