चाळिशीनंतरचा फुगवटा

संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा पट्टा एका जागी जरासा जाड झाला होता. जेमतेम नखाएवढा, वयाच्या चाळिशीपासून पन्नाशीपर्यंत.

लोकसंख्या कार्यालयातल्या बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पट्टा शेजारच्या देशातल्या, माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या स्त्रियांचा होता. एकाच वर्षी जन्मलेल्या मुलींचा एका जनगणनेतून दुसरीत माग काढत गेलं, की असा पट्टा बारीकच व्हायला हवा. माणसं मरतात, पण चाळीस वर्षांच्या बायका काही जन्माला येत नाहीत.

दोन्ही देशांत शतकाच्या अखेरीस किती माणसं असतील आणि त्यातली किती कुठवर शिकलेली असतील, याची तुलना बाईंना सोमवारच्या बैठकीत मांडायची होती. जन्मदर सारखा, शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सारखं, तरी शेजाऱ्यांचं गणित काही केल्या जुळेना.

"चूक आहे त्यांची," साहेब म्हणाले. विभागप्रमुख साहेब निवृत्तीला टेकले होते. "लोक शिक्षण वाढवून सांगतात. मोजणीवाला काय सर्टिफिकेट मागतो? आपल्याकडेही असले फुगवटे येतात. आपण छाटतो. पस्तिशीनंतर माणसाचं शिक्षण बदलत नाही, हे आपलं गृहीतक." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुमचं काय ठरलं? माझी खुर्ची रिकामी होतेय. एमएस्सी पुरी नसेल तर ती तुम्हाला द्यायची कशी? अभ्यासरजा मी आजही मंजूर करतो."

"या वयात, साहेब? बघू पुढच्या वर्षी."

हे उत्तर आता विचार न करता तोंडातून निघत असे. एमएस्सीचं पहिलं वर्ष लग्नाआधी झालं होतं. दुसरं राहिलं ते राहिलंच. आधी लेक लहान होती, मग सासऱ्यांचं आजारपण निघालं. पुढे अडवायला कुणीच उरलं नाही, तरी पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

बाईंनी शेजारच्या देशातल्या कार्यालयात फोन लावला. तिकडच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंचा आवाज मोकळा होता.

"अहो, तुमचा पट्टा फुगलाय चाळिशीनंतर."

"फुगणारच! खाल्लंय किती कष्टाचं."

"बाहेरून आलेल्या बायका असतील का?"

"इथे कोण येतंय? आमचेच निघून जातात. अहो, आमच्याकडे मोठ्यांच्या संध्याकाळच्या शाळा आहेत. पोरं मार्गी लागली की बायका बाकावर जाऊन बसतात. माझी थोरली जाऊ गेल्या वर्षी पास झाली. गणितात मला कधी मिळाले नाहीत एवढे मार्क, आणि ते रोज ऐकवते मला."

"पुरावा?"

"परीक्षा मंडळाचे आकडे पाठवते, वयासकट. मग बोला."

आकडे आले आणि फुगवट्यावर चपखल बसले.  मग बाईंनी आपल्याच देशाच्या परीक्षा मंडळाकडून तसेच आकडे मागवले आणि प्रोग्रॅममधली छाटणी बंद केली. आपला पट्टाही फुगला. शेजाऱ्यांइतका नाही, पण त्याच जागी, आणि मंडळाच्या आकड्यांइतकाच. इतकी वर्षं उत्तीर्ण होणाऱ्या या बायकांना कार्यालय मुकाट्याने नापास करत आलं होतं.

रविवारी घरीही त्यांचं डोकं आकड्यांतच होतं. सासूबाई बराच वेळ बघत होत्या.

"कुणाशी भांडायची तयारी चाललीय गं?"

"साहेबांशी."

"भांड की. तिथे मला काळजी नाही. तुझं ते कॉलेजचं भांडण मात्र स्वतःशीच आहे. त्यात मी पडू कशी मध्ये?"

सोमवारी बाईंनी दोन्ही देश शेजारी शेजारी मांडले. आधी जुन्या गृहीतकाने, मग छाटणीशिवाय. दुसऱ्या आलेखात शिकलेल्यांच्या दोन्ही रेषा वर उचलल्या गेल्या, आणि शतकाच्या अखेरीकडे जास्तच. कारण चाळिशीत शिकलेल्या आईची लेक शाळा अर्ध्यावर सोडत नाही, हेही आकड्यांत दिसत होतं.

"लोक खोटं सांगत असतील तर?" साहेबांनी विचारलं.

"लोक सांगतील, साहेब. उत्तरपत्रिका कशा सांगतील?" बाईंनी मंडळाचा तक्ता पुढे केला.

साहेबांनी तो ओळीवर बोट ठेवून वाचला. 

"म्हणजे मी जन्मभर या बायकांना छाटत आलो."

"आपण," बाई म्हणाल्या.

साहेब मोठ्याने हसले. "काढा ते गृहीतक. आजच. आणि अहवालावर पहिलं नाव बाईंचं." टेबलावर थापा पडल्या. कोपऱ्यातल्या टंकलेखिकेने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. तीही पंचेचाळिशीची होती.

आवाज ओसरल्यावर साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "पस्तिशीनंतर शिक्षण बदलत नाही, असं मानणारं अजून कुणी उरलंय का इथे?"

खोली हसली. साहेबांची नजर मात्र बाईंवर येऊन थांबली होती.

बाईंना ओठांवर आलेलं नेहमीचं उत्तर जाणवलं. त्यांनी ते गिळलं.

"नाही, साहेब," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझी अभ्यासरजा मंजूर करा. मी एमएस्सी पुरी करतेय. याच वर्षी."