गॅरेज नंबर अकरामधली सात वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. माझा रंग निळा. पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. १९७८ साली इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली तीन वर्षं मी एका बिल्डरकडे विटा वाहिल्या. १९८१ साली लंडनमधल्या वेम्बलीच्या शशिधररावांनी मला घेतलं आणि मला घर मिळालं.

शशिधरराव पहाटे मला घेऊन भाजीच्या घाऊक बाजारात जायचे. भेंडी, मेथी, कारली, हिरव्या मिरच्यांची खोकी भरायची आणि ईलिंग रोडवरच्या दुकानांत पोचवायची, असं आमचं काम. शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी सुप्रभाताई बसायच्या. कुठल्या दुकानात किती खोकी उतरवायची, हे त्यांना तोंडपाठ असायचं. एप्रिल महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीला मला खूप मान मिळे. हॉलमध्ये लागणाऱ्या खुर्च्या, निळे झेंडे, लाऊडस्पीकर सगळं माझ्याच हौद्यातून जाई. बाबासाहेबांची तसबीर मात्र सुप्रभाताई मांडीवर घेऊन बसत. "आमची पिकअप कधी दगा देत नाही," असं शशिधरराव सगळ्यांना सांगायचे. ते ऐकून मला धन्य वाटायचं.

फेब्रुवारी १९८६ मधली ती सकाळ मी विसरू शकत नाही. हौदा भरलेला होता. अचानक शशिधररावांचं लक्ष डॅशबोर्डवर गेलं. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारी सुई सरसर खाली आली आणि शून्यावर टेकली.

"अहो, काय झालं?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"ऑइल प्रेशर गेलं!" शशिधररावांनी लगेच मला कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. त्यांनी केलं ते अगदी योग्य होतं. तेलाचा दाब नसताना इंजिन चालू ठेवलं, तर आतलं लोखंड लोखंडावर घासून काही मिनिटांत सगळं खलास होतं. मग त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल तर बरोबर खुणेपर्यंत होतं.

मला ओढून एका गॅरेजमध्ये नेलं. तिथल्या मेकॅनिकनं एकदाच इंजिन सुरू केलं, डॅशबोर्डकडे पाहिलं आणि मान हलवली. "तेल आहे, पण दाब नाही. आतली बेअरिंग्ज झिजली. इंजिन संपलं. या गाडीवर आता खर्च करू नका."

मित्रांनो, माझी बेअरिंग्ज झिजली नव्हती. माझ्या आत तेल नेहमीसारखं खळखळ फिरत होतं. ते मला कळत होतं, पण सांगणार कशी? माझ्या वतीनं बोलणारी ती एकच सुई होती, आणि ती शून्यावर बसली होती.

नवं इंजिन घालणं शशिधररावांना शक्य नव्हतं, आणि मला भंगारात देण्याचा धीर त्यांना होईना. फ्लॅट्सच्या मागे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बंद गॅरेजची रांग होती. त्यातल्या अकरा नंबरमध्ये मला ढकलून ठेवलं. पत्र्याचं दार खाली आलं आणि काळोख झाला.

पहिल्या वर्षी शशिधरराव दर रविवारी येत. दार अर्धवट उघडून आत शिरत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसत आणि बोलत. त्यांच्या बोलण्यातूनच मला बाहेरचं कळे. भाजीचा धंदा दुसऱ्यानं घेतला होता. त्यांना क्रॉयडनच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती, तळघरातल्या फायलींच्या खोलीत. "खिडकीसुद्धा नाही गं तिथे," ते मला म्हणाले. "थंडीत जाताना अंधार, येताना अंधार. तुझ्यासारखाच मी पण बंद झालोय." मी ऐकत राहिले. बोनेट उघडा, एकदा नीट तपासा, असं मला ओरडून सांगावंसं वाटे.

पुढे ते महिन्यातून एकदा येऊ लागले, नंतर दिवाळीला, आणि मग आलेच नाहीत. माझी टायरं बसली. ब्रेक गंजून चाकांना चिकटले. सीटच्या फोममध्ये उंदरांनी पिल्लं घातली. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ यायची. ती माझ्या बंपरवरून सरकत भिंतीवर जायची आणि विझायची. मोजण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मार्च १९९३ मध्ये दाराबाहेर दोघांचे आवाज आले.

"कौन्सिलचं लेटर आलंय. सगळी गॅरेजेस पाडणार आहेत," शशिधरराव म्हणाले. "भंगारवाला सोमवारी नऊला येईल. त्याला सांगून ठेवलंय."

"अहो, तेव्हा दाब मोजायचा दुसरा गेज लावून प्रेशर बघितलं होतं का?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्या गाडीदुरुस्तीच्या क्लासमध्ये परवाच शिकवलं. सुई खाली आली म्हणजे प्रेशर गेलंच, असं नसतं म्हणे."

"दहा आठवडे इव्हनिंग क्लासला गेलीस म्हणून तू मेकॅनिक झालीस का? सात वर्षं झाली, सुप्रभा. सोड आता."

मी सगळं ऐकलं होतं. सोमवार! माझे मोजून चार दिवस उरले होते.

शनिवारी सकाळी दार करकरत वर गेलं. डोळे दिपवणारा उजेड आत आला. सुप्रभाताई उभ्या होत्या, जुन्या स्वेटरच्या बाह्या वर सारून. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून किल्ली घेऊन त्या आल्या होत्या. सोबत त्यांच्या क्लासच्या शिक्षिका पॅमबाई होत्या. त्यांनी आपली व्हॅन दारासमोर लावली आणि बिस्किटांच्या डब्यातून एक गेज काढला. त्याला रबरी नळी होती.

"घाई करायची नाही," पॅमबाई म्हणाल्या. "सोप्यापासून सुरुवात कर."

सुप्रभाताईंनी तेलाची पट्टी पाहिली. तेल डांबरासारखं काळं झालं होतं. ते सगळं काढून त्यांनी नवं तेल भरलं, नवा फिल्टर लावला. शिळं पेट्रोल उपसून ताजं भरलं. स्पार्क प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं आणि मोठा पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं. मी हलले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. "फिर गं बाई, फिर," त्या पुटपुटल्या. आणि माझ्या आत काहीतरी सुटलं. मी फिरले!

इंजिनाच्या कुशीत अंगठ्याएवढा एक पार्ट असतो. त्याला सेंडर म्हणतात. तेलाचा दाब तो मोजतो आणि तारेवरून सुईला कळवतो. सुप्रभाताईंनी त्याची तार काढली आणि चावी फिरवून ती इंजिनाच्या लोखंडाला क्षणभर टेकवली. डॅशबोर्डवरची सुई वर चढू लागली. म्हणजे सुई चांगली, तारही चांगली. मग त्यांनी सेंडर काढला आणि त्याच्या जागी नळीचा गेज बसवला. पॅमबाईंनी व्हॅनच्या बॅटरीवरून मला करंट दिला. मी खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि सुरू झाले.

सुप्रभाताईंच्या हातातल्या गेजचा काटा पन्नासवर गेला.

"पॅम! फिफ्टी!"

"थंड इंजिनावर भुलू नकोस," पॅमबाई म्हणाल्या. "तापू दे. गरम झाल्यावर कळेल."

दार सताड उघडं ठेवून त्या अर्धा तास उभ्या राहिल्या. इंजिन तापलं. काटा हळूहळू वीसवर उतरला आणि तिथेच थांबला. तापलेल्या जुन्या इंजिनाला एवढा दाब पुरेसा होता. मी धडधाकट होते.

तेवढ्यात शशिधरराव धावत आले. ड्रॉवरमध्ये किल्ली नाही हे पाहून ते निघाले होते. माझा आवाज ऐकून ते दारातच थबकले. सुप्रभाताईंनी गेज त्यांच्यासमोर धरला आणि तो छोटा पार्ट तळहातावर ठेवून दाखवला.

"हा खराब झालाय. एवढंच."

त्यांनी तो उचलून बोटांत फिरवला. "म्हणजे तेव्हाही गाडी ठीक होती?"

सुप्रभाताईंनी हात फडक्याला पुसले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाही."

"सात वर्षं," शशिधरराव म्हणाले. त्यांनी आत येऊन माझी चावी बंद केली. "सात वर्षं मी त्या तळघरात... कशाला दाखवलंस मला हे? सोमवारी गेली असती, तर कळलंसुद्धा नसतं!" त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार खाली ओढलं.

मित्रांनो, तो काळोख सगळ्यात वाईट होता. आधी कुणाला खरं माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत होतं आणि तरी दार बंद होतं. माझं इंजिन गार होत गेलं, तसतशी माझी आशाही.

रविवारी दुपारी दार उघडलं. शशिधरराव एकटेच होते. डोळे सुजलेले, हातात नवा सेंडर. त्यांनी माझ्या पोटाजवळ वाकून सेंडर बसवला, चाकं काढून चिकटलेले ब्रेक सोडवले, सीटमधलं उंदरांचं घरटं अलगद उचलून बाहेर ठेवलं. थोड्या वेळानं सुप्रभाताई चहा घेऊन आल्या आणि टायरांत हवा भरू लागल्या.

"काल मी फार ओरडलो," शशिधरराव बोनेटखालून म्हणाले.

"ओरडलात."

"राग तुझा नव्हता गं. मीच तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. एकानं संपलं म्हटलं आणि मी मान्य केलं."

"मी तरी कुठे विचारलं?" सुप्रभाताई म्हणाल्या. "मी पण शेजारीच बसले होते."

माझी स्वतःची बॅटरी मेलेली होती, म्हणून संध्याकाळी पॅमबाईंच्या व्हॅननं दोर बांधून मला बाहेर काढलं. स्वतःच्या पायांनी नाही, पण मी बाहेर आले. सोमवारी भंगारवाल्याला अकरा नंबर रिकामा मिळाला.

गेलेली वर्षं काही परत आली नाहीत. भाजीची जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्यांची झाली होती. शशिधरराव आणखी वर्षभर क्रॉयडनला जात राहिले. मग मात्र दोघांनी मिळून घरसामान हलवण्याचं काम सुरू केलं. सुप्रभाताई गाडी चालवायला शिकल्या. गेल्याच महिन्यात त्या मला एकट्या बेसिंगस्टोकपर्यंत घेऊन गेल्या, हौद्यात कुणाचं तरी कपाट आणि पाळणा घेऊन. आता दर तीन हजार मैलांना माझं तेल न चुकता बदललं जातं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी बंद पडलं, तर त्याच्यावर लगेच दार ओढू नका. वेळेवर तेल घाला, नीट तपासा, एकानं संपलं म्हटलं तरी दुसऱ्याला विचारा. आणि फार उशीर झाला असं वाटलं, तरीही बघा. खरं काय ते कळल्यावर तुम्हाला रडू येईल कदाचित. रडून घ्या. पण दुसऱ्या दिवशी दार उघडायला या. आत कुणीतरी वाट बघत असतं.