ओरेस्टचे एकेचाळीस नियम

आमच्या कर्लिंग क्लबात एकशे बारा सभासद आहेत, आणि बर्फावर दगड घसरवण्यापेक्षा एकमेकांना टाळण्यात त्यांची जास्त शक्ती जाते. सतरा वर्षं मी सेक्रेटरी आहे, तेव्हा हे मी मोजून सांगतोय. तरी क्लबात उघड भांडण कधी झालं नाही. कॅनडात मॅनिटोबातली माणसं समजूतदार, असं लोक म्हणतात. सप्टेंबरपर्यंत मीही म्हणत होतो.

सप्टेंबरात आमची वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, तिचं पत्र आलं. साइट पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली, आवृत्ती पाच पॉइंट सहा. एक नोव्हेंबरपासून ती आवृत्ती बंद. अध्यक्ष लिओना थीसन हिने काम ओरेस्ट पिडहिर्नीवर टाकलं: निदान आठ पॉइंट तीन चालवणारी होस्टिंग कंपनी शोध. साइट त्यानेच लिहिलेली. ओरेस्ट पूर्वी धान्याच्या कोठाराचा मॅनेजर होता. गुडघे गेल्यापासून तो खेळत नाही, पण कुणाचा सामना कुणाशी, कुठल्या वारी, हे वेळापत्रक अठरा वर्षं त्याचाच प्रोग्राम काढतो.

दहा दिवसांनी त्याने सात कंपन्यांचा तक्ता मला आणून दाखवला. सहा कंपन्यांना नावं ठेवलेली. एक फोन उशिरा उचलते, एकीचा सर्व्हर टेक्ससमध्ये, एकीची जाहिरात फार गोड. सातवी ओंटारियोतली; तिच्यासमोर नुसतं ‘बरी’. नव्या आवृत्तीचा रकाना सातही ठिकाणी कोरा.

“जे शोधायला सांगितलं होतं तेवढंच राहिलं की,” मी म्हटलं.

“राहिलं नाही. सहाजणांकडे नवी आहे. ओंटारियोवाल्याकडे जुनीच.”

“म्हणून तो बरा?”

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. प्रोग्रामच्या मध्यावर एकेचाळीस नियम होते आणि प्रत्येकापुढे त्याने स्वतःसाठी कारण टिपून ठेवलं होतं. ‘रायमर बंधू समोरासमोर नकोत. आईची जमीन, २००९.’ ‘आयरीनला गुरुवारी शेवटचा सामना नको. घरी उशीर झाला की नवरा हात उगारतो.’ ‘लिओना आणि मर्ना एका वेळी नकोत.’ त्यापुढचं कारण त्याने तळहाताने झाकलं.

“नव्या आवृत्तीवर हे चालत नाही, दुरुस्त करावं लागतं. मला ते जमणार नाही. मग लिओना तिच्या भाचीला देईल, ती विनिपेगवाली, ब्रिआन.”

“आणि भाची वाचेल.”

“वाचल्याशिवाय दुरुस्त कशी करेल? लोकांनी हे मला सांगितलंय, क्लबाला नाही.”

“मग पुसून टाक.”

“पुसलं की कुठला नियम कशासाठी, हे वर्षाने मलाच सांगता यायचं नाही. सत्तर उलटली माझी.”

माझं नाव कितव्या ओळीत आहे, हे मी विचारलं नाही.

कमिटीच्या बैठकीत लिओनाने तक्ता एकदा वाचला आणि ओंटारियोवाल्याला फोन लावून तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“नवी आवृत्ती कधी आणताय?”

“आणणार नाही, बाई. माझ्याकडे लोक जुन्यासाठीच येतात.”

“जुन्यात भोक सापडलं तर कोण बुजवतं?”

“भाषा बनवणाऱ्यांनीच बुजवणं सोडलंय. मी कुठून बुजवू?”

“म्हणजे कुणीही आत शिरून सगळं वाचेल.”

“ज्याला हौस असेल तो वाचेल.”

ओरेस्टने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला, “दुसऱ्या नंबरची घ्या. आठ पॉइंट तीन आहे का विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, माहीत नाही, बघून सांगते. आणि बघून सांगितलंही. बाकी पाचजण आधी हो म्हणाले आणि मग बघायला गेले.”

‘एकमताने मंजूर,’ असं मी लिहिलं.

शनिवार-रविवार बसून ओरेस्टने कारणं पुसली. नियम राहिले, कारणं गेली. ब्रिआनने दोन दिवसांत प्रोग्राम नव्या कंपनीवर चालू केला आणि कमिटीला ई-मेल पाठवली: मध्ये एकेचाळीस विचित्र अटी होत्या, कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नाही, सगळ्या काढल्या, आता काम स्वच्छ आहे.

स्वच्छ वेळापत्रक दुसऱ्या दिवशी आलं. मंगळवारी सातला लिओना विरुद्ध मर्ना. बुधवारी रायमर विरुद्ध रायमर. गुरुवारी शेवटच्या सामन्यात आयरीन.

ओरेस्ट क्लबाच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी खात होता. मी कॉफी ओतत होतो. लिओनाने कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“हे नव्या प्रोग्रामने काढलं?”

“नव्याने.”

“जुना असं कधी काढायचा नाही.”

“नाही.”

“अठरा वर्षांत एकदाही नाही.”

“मोजलंस?”

“आत्ता येताना गाडीत मोजलं.” ती खुर्ची ओढून बसली. मंगळवार पाहिला, बुधवार पाहिला. गुरुवारवर ती बराच वेळ थांबली. मग पेन काढून आयरीनच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

“ओंटारियोवाला तुला एवढा का आवडला होता, ते आता कळतंय,” ती म्हणाली.

ओरेस्टने पेरोगीवर कांदा घेतला.

“मर्नाचं तुला कुणी सांगितलं?”

“मर्नाने.”

“हं.” तिने भाचीला फोन लावला. “ब्रिआन, तू काढलेल्या त्या अटी परत घाल. एकूण एक.”

“आत्या, त्यांना काही अर्थ नाही गं.”

“नसू दे. घाल.”

“घालते. पण प्रत्येकीपुढे कारण लिहावं लागेल. नाहीतर माझ्यानंतर येणारा परत काढून टाकेल.”

लिओनाने ओरेस्टकडे पाहिलं. ओरेस्टने घास गिळला आणि फोनकडे वाकला.

“लिही, बर्फ खराब.”

“कुठल्या अटीपुढे?”

“सगळ्या.”

“एकेचाळीस ठिकाणी बर्फच खराब?”

“आमचा बर्फ फार वाईट आहे, पोरी,” लिओना म्हणाली. “तू लिही.”

पलीकडून टाइप केल्याचा आवाज येऊ लागला. आमच्या बर्फाची जिल्ह्यात तारीफ होते. पुढच्या बैठकीच्या वृत्तांतात मी त्याबद्दल काही लिहिलं नाही.