सिंगापूरची बॅग आणि केळीचा काटा

सिंगापूरच्या सहलीआधी टूरवाल्याने बजावलं होतं, "बॅग वीस किलोच्या वर गेली, तर विमानतळावर सगळ्यांसमोर उघडावी लागेल." तेव्हापासून उखर्डू दिवसातून चारदा बॅग हाताने उचलून बघत होता. बॅगेत मथुराबाईची लुगडी होती आणि वर दोन किलो दराबा. परक्या देशातल्या गोडाचा तिला भरवसा नव्हता.

बायकोला नि बॅगेला घेऊन तो आपली केळी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे वजन करायला गेला. काट्याने बरोबर वीस दाखवले. आता हायसं वाटायला हवं होतं. पण हा काटा दर मापात दोन किलो खातो, असं उखर्डूच जन्मभर गावाला ओरडून सांगत आला होता.

"शेठ, काटा खरा आहे ना?" त्याने घाम पुसत विचारलं.

"तुम्हीच सांगा, उखर्डूभाऊ. सब सुन रहे हैं."

हमाल हातातलं काम टाकून बघू लागले.

"खरा आहे," उखर्डू पुटपुटला.

"जरा जोरात!"

"खरा आहे!"

मग त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, बॅग उघडली, दराब्याचा डबा काढला आणि खायला बसला.

"अहो, काटा खरा आहे ना?" मथुराबाईने विचारलं.

"खराच आहे वं," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "मला भूक लागली."